खुर्चीतल्या माणसाचं काय?

गणेशोत्सवात विचारलंत, मुंजीच्या पंगतीत विचारलंत, व्हॉट्सअॅपवर तर हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावून विचारलंत. शब्द बदलतात, प्रश्न तोच असतो. क्रोकेत, म्हणजे लांब दांड्याच्या हातोड्याने (मॅलेटने) चेंडू हिरवळीवर रोवलेल्या कमानींतून (हूपांतून) न्यायच्या खेळात, एक जण खेळत सुटतो आणि दुसरा कडेला खुर्चीत बसून बघतो, मग जिंकणाऱ्याने हरवलं कोणाला? आणि तो तुमचा इंग्लंडचा क्रोकेपटू जॉन सॉलोमन, ज्याचं नाव घेतल्याशिवाय तुमचं बोलणं संपत नाही, तो एवढा थोर कशासाठी?

पूर्वी मी यावर एक ठरलेलं वाक्य फेकायचो, की हे हिरवळीवरचं बुद्धिबळ आहे. ते फेकणाऱ्या माणसाशी माझं आता जमत नाही. बुद्धिबळात तुमच्या चालीनंतर समोरच्याची चाल असतेच असते. क्रोकेत तुमचा चेंडू दुसऱ्या चेंडूला लागला की दोन फटके जादा, हूपमधून पार गेला की आणखी एक. जो चुकत नाही त्याची पाळी संपतच नाही. हे कॅरमच्या जवळचं आहे. व्हाइट स्लॅम झाला आणि समोरच्याला स्ट्रायकरला हात लावायला मिळाला नाही, तर आपण टाळ्याच वाजवतो ना? पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. त्या खेळातही ब्रेक, म्हणजे एकाच पाळीतली फटक्यांची सलग मालिका, चालू असेपर्यंत समोरचा बसूनच असतो. त्यांना कोणी विचारलं नाही, हरवलं कोणाला म्हणून.

मात्र कॅरमचा स्लॅम काही मिनिटांत उरकतो, क्रोकेतली पाळी अर्धा अर्धा तास चालते. तेवढा वेळ टाळ्यांसाठी हात वर धरून बसता येत नाही, हे मला मान्य आहे.

आता सॉलोमन. जन्म 1931 चा. वयाच्या 19 व्या वर्षी मॅक्रॉबर्टसन शील्ड या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेसाठी ब्रिटनच्या संघातून न्यूझीलंडला गेला. इंग्लंडची ओपन स्पर्धा 10 वेळा जिंकला, त्यातली 1963 ते 1968 अशी सहा वर्षं सलग. पुरुषांची स्पर्धा 10 वेळा, प्रेसिडेंट्स कप 9 वेळा, आणि पॅट्रिक कॉटरला जोडीला घेऊन ओपनमधली दुहेरी आणखी 10 वेळा. यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न, जागतिक विजेतेपदं किती? एकही नाही. पहिली जागतिक स्पर्धाच 1989 साली झाली, त्याला तो काय करणार?

त्याची पकड तुम्ही माझ्या हातात पाहिली आहे आणि तिलाही हसला आहात. बहुतेक लोक मॅलेट धरताना वरच्या मुठीची पाठ पुढे ठेवतात आणि खालच्या हाताचा तळवा पुढे. आयरिश पकडीत दोन्ही तळवे पुढे असतात. सॉलोमन दोन्ही मुठी दांड्याच्या अगदी वरच्या टोकाला घ्यायचा, एकीखाली एक, दोन्हींची पाठ पुढे. आज त्या पकडीला त्याचंच नाव आहे. बऱ्यापैकी ताठ उभं राहायचं, मॅलेट दोन पायांमधून मागे लांबवर जाऊ द्यायचं आणि येताना त्याच्या वजनालाच काम करू द्यायचं. लांबचा नेम, जोराचा फटका, अरुंद हूप यांना ही पकड फार चांगली. हळुवार फटक्यांना अवघड. क्लबातले शिकवणारे मला अजून सांगतात, बदला. मी हो म्हणतो आणि बदलत नाही.

पण तो मोठा होता तो पकडीमुळे नाही. तुमच्या प्रश्नाचं जे काही थोडंफार उत्तर माझ्याकडे आहे ते पाळी कुठे संपवायची यात आहे. वरच्या दर्जाच्या खेळात आपल्या दोन चेंडूंपैकी पहिला एकाच पाळीत शेवटपर्यंत नेता येत असला तरी नेत नाहीत. नऊ हूप करायचे आणि दहाव्यासमोर, म्हणजे फोर-बॅकसमोर, आपणहून थांबायचं. तोही त्याच पाळीत ओलांडला तर समोरच्याला आपला चेंडू उचलून हव्या त्या चेंडूला टेकवून थेट डाव सुरू करता येतो. थांबलात तर त्याला फक्त लिफ्ट मिळते: चेंडू उचलायचा, ठरलेल्या रेषेवर ठेवायचा आणि तिथून नेम धरायचा. मग थांबणारा शेवटचे दोन-तीन फटके चारही चेंडू असे पेरण्यात घालवतो, की कुठूनही मारलं तरी नेम लांबचाच पडावा, आणि हुकलेला चेंडू जाऊन पडेल तोही आपल्याच कामाचा असावा. पुढच्या पाळीत ट्रिपल पील, म्हणजे मागे ठेवलेल्या जोडीदार चेंडूला उरलेल्या तीन हूपांतून ढकलत नेत दोन्ही चेंडू पेगला, म्हणजे मधल्या खुंटीला, लावायचे. चेंडू 92 मिलिमीटरचा आणि मोठ्या स्पर्धांत हूप त्याहून जेमतेम मिलिमीटरभर रुंद. मारतो तो चेंडू त्यातून घालणं कठीण, इथे त्याने ढकलून दुसरा घालायचा असतो. आणि हे सगळं उत्तम जमलं की बघणाऱ्याला वाटतं, यात अवघड काय आहे? प्रत्येक फटका हातभर अंतराचा दिसतो. सगळी कला तो हातभर अंतराचा करण्यात गेलेली असते.

आता अण्णांचं सांगतो, कारण तुमच्यातल्या काहींना ते अर्धवट ठाऊक आहे आणि बाकीचे त्यात मीठमसाला घालतात.

एका उन्हाळ्यात अण्णा सांगलीहून माझ्याकडे परदेशात आले होते. तरुणपणी तालमीत कॅरमच्या बोर्डावर रात्ररात्र काढलेला माणूस. त्याच आठवड्यात क्लबातल्या स्पर्धेची माझी उपांत्य फेरी होती. अण्णा जुलैत स्वेटर घालून माझ्याशेजारच्या खुर्चीत बसले. समोर एक निवृत्त गृहस्थ, अतिशय सभ्य, अतिशय सावकाश. सुरुवातीचे चार चेंडू मैदानात आले, त्यांचा एक लांबचा नेम लागला आणि ते निघाले.

तिसऱ्या हूपनंतर अण्णांनी विचारलं, "तुझी पाळी कधी?"

"येईल आता."

पाचव्यानंतर त्यांनी थर्मास उघडला, दोघांना चहा ओतला. सातव्यानंतर विचारणं सोडून दिलं. ते गृहस्थ फोर-बॅकसमोर थांबले, चेंडू पेरले, टोपीला हात लावून बाहेर आले. मी उठलो. अण्णा खुर्चीत सावरून बसले, सोंगट्या लावून झाल्यावर बसायचे तसे. बारा-तेरा यार्डांचा नेम होता. मी वेळ घेतला, पावलं जुळवली, मॅलेट चांगलं मागे गेलं, चांगलं आलं. चेंडू केसभर बाजूने गेला आणि कडेला जाऊन थांबला.

परत आलो. "झालं?" "हो." "एवढंच?" "एवढंच."

पुढे ट्रिपल पील झाला. दुसरा गेमही जवळपास तसाच. मी हस्तांदोलन केलं, हसलो, त्यांना सुरेख खेळलात म्हणालो, आणि ते खरंच सुरेख खेळले होते. गाडीत अण्णा गप्प. रात्री जेवताना म्हणाले, "माणूस चुकून हरला तर पटतं. तू चुकलास कुठे तेच मला दिसलं नाही."

मला राग आला. मी ताटावर बसूनच लिफ्ट, लीव्ह (म्हणजे ते शेवटचं चेंडू पेरणं), पील सगळं समजावायला लागलो. सॉलोमन 1963 मध्ये कसा, 1968 मध्ये कसा. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो जिंकणारा झाला. मी तुझं विचारतोय."

त्यानंतर ते पुन्हा सामना बघायला आले नाहीत. तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा मी तुमच्यावर जरा जास्तच खेकसतो, त्याचं कारण हे आहे. तुम्ही खुर्चीतल्याचं विचारता आणि मी हिरवळीवरच्याचं सांगत सुटतो. खुर्चीतल्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही.

नाही, थोडं आहे. खुर्चीत सॉलोमनही बसला. 1953 ला ओपन जिंकल्यावर 1954 आणि 1955 ला नाही जिंकला, 1957 आणि 1958 ला नाही. 1960 ला ती स्पर्धा होप रॉदरहॅम या बाईंनी जिंकली. या खेळात बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत समोरासमोर येतात, हेही तुम्ही कधी विचारत नाही. आणि तुमचा प्रश्न खुद्द खेळालाही पडलेला आहे. लिफ्टचा नियम खुर्चीतल्यासाठीच आला. पुढे रॉबर्ट फुलफर्डसारखे लोक आले, 1990 ते 2002 या काळात त्याने पाच जागतिक विजेतेपदं घेतली, आणि ट्रिपल ही रोजची गोष्ट झाली. मग तीनऐवजी सहा हूपांचे पील, मग त्याच्यावर आणखी कडक नियम, त्याला सुपर-अॅडव्हान्स्ड म्हणतात. चांगले खेळाडू खुर्ची पक्की करतात, नियम करणारे ती हलवतात.

यातून माझ्याच विरुद्ध एक मुद्दा निघतो. सॉलोमनच्या काळात नेम जास्त हुकत, डाव इकडून तिकडे जात, खुर्ची अधूनमधून रिकामी होई. मग तो मोठा वाटतो तो त्याच्यामुळे की त्याच्या काळामुळे? आज एखाद्या फुलफर्डसमोर त्याला बसवला तर तो बहुतेक बसूनच राहील. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. तेच हूप, तेच वजन, तीच हिरवळ देऊन दोघांना समोर आणता येत नाही तोवर मी माझं मत बदलणार नाही, आणि ते पक्कं आहे असंही म्हणणार नाही.

"मग गोल्फ क्रोके खेळा, त्यात आळीपाळीने मारतात," हा सल्लाही पोचला. खेळतो. इजिप्तचे लोक तो काय ताकदीने खेळतात ते एकदा बघाच. दक्षिण आफ्रिकेच्या रेग बॅमफर्डने 2013 मध्ये कैरोला जाऊन त्यांच्यात जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा मी घरात ओरडलो होतो. पण त्यात ब्रेक नाही, पील नाही. मला तेच हवं असतं.

मध्यंतरी अण्णांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर एकदम म्हणाले, "तुझा तो सॉलोमन नाही जिंकला त्या वर्षी कोण जिंकला?"

म्हटलं, 1955 आणि 1958 ला कॉटर. पुढे 1962 लाही तोच.

"जोडीदार?"

"हो. दुहेरीतला."

"करायचा काय तो?"

"शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायचा, लंडनला."

"मग बरोबर," अण्णा म्हणाले. "मास्तर माणूस. समोरच्याला गप्प बसवून ठेवायची सवयच असणार."