नांदूर मध्यमेश्वरची पाणपक्षी मोजणी: पुढच्या जानेवारीत जाणाऱ्यांसाठी

आशियाई पाणपक्षी गणनेसाठी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जाऊन आलो. ही गणना आपल्याकडे १९८७ पासून चालू आहे. जानेवारीच का, तर उत्तरेकडून आलेली बदकं तोवर स्थिरावलेली असतात, फार इकडेतिकडे जात नाहीत, मग तोच थवा दोन ठिकाणी मोजला जायची भीती कमी. गोदावरी-कादवा संगमाजवळचा हा बंधारा गाळाने उथळ होत गेला, त्यात बेटं तयार झाली, पक्ष्यांची चंगळच. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते उगाच नाही.

आता कामाचं बोलू. नुसते फोटो काढायचे असतील तर वेगळ्या दिवशी या, मोजणीत कंटाळाल. आमची वाटणी अशी, एकजण स्कोपला (तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला) डोळा लावून आकडे सांगणार, एकजण फक्त लिहिणार, तिसरा उडून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणार. माझ्या मते यात लिहिणारा सगळ्यात महत्त्वाचा, कारण स्कोपवाल्याने मान वर केली की थव्यातली जागा गेलीच.

समोर वारकरी पक्ष्यांचा (कूट) काळा पट्टा पसरलेला, मधेच थापटे बदकं (शॉव्हेलर) चोच पाण्यात घालून गोल गोल फिरतायत, आणि तलवार बदकं (पिनटेल) डोकं खाली करून चरत असल्यामुळे मोजायला नुसत्या शेपट्या! अशा वेळी आधी दहा नीट मोजायचे, ते दहा किती जागा व्यापतात ते बघायचं आणि मग त्याच मापाने दहा-दहा करत पुढे सरकायचं. मधेच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि सगळं रान उठलं, तर घाई करू नका, परत बसू द्या आणि डावीकडून नव्याने सुरू करा.

सकाळी धुकं असतं, ते विरेपर्यंत लांबचं काही खरं नाही. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा, उजेडासमोर सगळीच बदकं काळी. निरीक्षण मनोऱ्यावर कुणी चाललं की स्कोप हलतो, त्यामुळे मोजणी चालू असताना एका जागी बसा बाबांनो.

ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) प्रत्येक जागेची यादी वेगळी टाका, आणि आकड्याच्या जागी 'दिसला' एवढंच सांगणारा नुसता एक्स नको, अंदाज चालतो. टिटवी, बगळे नेहमीचेच म्हणून गाळू नका. जात कळली नाही तर सरळ 'बदक' एवढंच नोंदवा. आणि समन्वयकांशी, वनखात्याशी डिसेंबरातच बोलून ठेवा, म्हणजे कुठला भाग तुमच्याकडे ते आधीच ठरतं.