जैसलमेरच्या वाळूत स्वतःचा टेंट: खुडीची ती "अर्ध्या तासाची" वाट

आधी महत्त्वाचं सांगतो. जैसलमेरजवळच्या खुडी गावात उंटवाला "बस आधा घंटा, टीले के पीछे" म्हणाला की सरळ दोन तास धरा, आणि पोरं बरोबर असतील तर अडीच. अजून पिंढऱ्या दुखतायत म्हणून जरा तावातावाने लिहितोय, पण जे लिहितोय ते खरं आहे.

आम्ही दोघं, दोन पोरं (मोठा बारा वर्षांचा, धाकटी आठ) आणि मेहुणा असे डिसेंबरअखेर गेलो होतो. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती जैसलमेरलाच हॉटेलात थांबली, आणि ते फार बरं झालं. सगळे ट्रेक करणारे आहोत, टेंट, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आपलंच होतं. तुम्हीही तशी तयारी असेल तरच पुढे वाचा.

सम गावाबद्दल दोनच वाक्यं. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, रस्त्याला लागून कॅम्पच कॅम्प, रात्री उशिरापर्यंत डीजे आणि टेकडीभर जीपच्या चाकोऱ्या. शांतता हवी असेल तर जाऊ नका, विषय संपला. तिथे जीपवाल्याने ठरवताना जो आकडा सांगितला तो आम्ही अख्ख्या जीपचा समजलो, उतरल्यावर म्हणाला माणशी! पोरांचेसुद्धा पूर्ण पैसे मागितले. अर्धा तास वाद घालून शेवटी ठरलेल्याच्या दुप्पट दिले कारण अंधार पडत होता आणि धाकटी रडायला लागली होती. त्यामुळे बसायच्या आधी विचारा: गाडीचे की माणशी, किती वेळ, कुठपर्यंत. उत्तर फोनवर मेसेज करून घ्या, तोंडी बोलण्याला तिथे काही अर्थ नाही.

खुडी मात्र वेगळं आहे. शहराच्या नैऋत्येला, गर्दी कमी, गाव खरंखुरं गाव. एक लक्षात ठेवा, आजूबाजूचा बराच भाग डेझर्ट नॅशनल पार्कचा आहे (एकूण तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर, माळढोकचा शेवटचा मोठा आसरा), त्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. आम्ही गावात विचारून, ज्याची जमीन त्याची परवानगी घेऊन त्याच्या शेतापलीकडच्या टेकड्यांवर टेंट लावायचं ठरवलं. सामान उंटावर, आम्ही पायी.

तर ती वाट. पहिला भाग सोपा, कडक जमीन, खेजडी आणि रुईची झाडं, गप्पा मारत गेलो. मग मऊ वाळू सुरू झाली आणि प्रत्येक पाऊल अर्धं मागे यायला लागलं. उंटवाला सरळ रेषेत चालला होता, टेकडीच्या उतरत्या बाजूने, जिथे वारा आणून वाळू टाकतो आणि घोट्याच्या वर पाय जातो. उंटाला काय फरक पडतो, पाय आमचे होते. दुसऱ्या टेकडीवर धाकटीने बसकण मारली, बायको म्हणाली आता इथेच झोपू. तेव्हा मेहुण्याने शोधून काढलं ते तुम्ही पहिल्यापासून करा: ज्या बाजूला वाऱ्याच्या बारीक लाटा उमटल्यात ती बाजू दाबलेली असते, तिथे पाय रुतत नाही. लांब पडलं तरी लाटांच्या बाजूनेच वळसा घ्या, माथ्याच्या धारेवरून चाला. आम्ही तसं केल्यावर वेग जवळजवळ दुप्पट झाला. आणि उंटवाल्याला निघतानाच सांगा की लहान मूल दमलं तर उंटावर बसवायचं, नाहीतर वाटेत त्याचे वेगळे पैसे मागतो. आमच्याकडे मागितले.

निघायची वेळ: दुपारी तीन. तिथे डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो आणि सकाळी सव्वासातनंतर उगवतो, आपल्या सवयीने सहाला उठलात तर काळोखात बसून राहाल.

भुरटबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. टेकड्यांच्या पायथ्याला गवत असतं, त्याचं बी म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा काटेरी गोळा, मोजे, लेस, ब्लँकेट, सगळ्याला चिकटतं. बोटाने ओढलं की काटा मोजा सोडून बोटात. पोराच्या एका मोज्यातून काढताना बायकोच्या अंगठ्यात तीन रुतले. छोटा चिमटा ठेवाच, आणि लोकरीचे मोजे टेंटपर्यंत पोचल्यावरच घाला.

टेंटच्या नेहमीच्या खुंट्या वाळूत शून्य उपयोगाच्या. पिशव्यांत वाळू भरा, दोरी बांधा, हातभर खोल पुरा, वर पाय देऊन दाबा. अशा सहा पिशव्यांवर आमचा टेंट रात्रीच्या वाऱ्यात जागचा हलला नाही. अगदी माथ्यावर लावू नका (वारा), अगदी खळग्यातही नको (थंडी साचते), उताराच्या खालच्या सपाट पट्ट्यावर लावा. मॅट जाड हवी, वाळू पहाटे बर्फासारखी गार पडते. पाणी माणशी चार लिटर, स्वयंपाक धरून, वाटेत कुठे मिळत नाही. सकाळी बूट झटकून घाला, थंडीत फुरसं आणि विंचू कमी असले तरी नसतातच असं नाही.

एवढं सगळं करून रात्री चंद्र नव्हता आणि आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत! मी पुन्हा जाणार, याच वाटेने, लाटांच्या बाजूने. सकाळी टेंटभोवती रात्रीच्या भुंग्यांच्या बारीक शिवणीसारख्या रेघा आणि एका कोल्ह्याची पावलं होती, स्टोव्हपर्यंत येऊन परत गेलेली. म्हणून खाणं टेंटच्या आत, डब्यात बंद करून ठेवा.

बाकीचे दिवस ठीक. किल्ला (1156 चा), गडीसर तलाव, सगळं सोपं आणि छान, आई खूश. बाडमेर रस्त्यावरचं आकल जीवाश्म पार्क चुकवू नका, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीची दगड झालेली झाडं उघड्यावर पडलीयेत, पोरं तासभर हलली नाहीत. कुलधराला भुतं शोधायला जाऊ नका, पालीवाल ब्राह्मणांच्या ओस पडलेल्या गावाची घरं आणि सरळ गल्ल्या बघायला जा. सीमेकडचं लोंगेवाला-तनोट करायचं तर पूर्ण दिवस द्या आणि गाडीत पेट्रोल शहरातूनच भरून निघा. तनोटच्या पुढे सीमेकडे जायला बीएसएफची परवानगी लागते, ती आधीच काढा, ऐनवेळी गेटवर हुज्जत घालून काही होत नाही.

परतीला उंटवाल्याला "किती वाजता याल" विचारू नका, सांगा "सात वाजता निघालेला दिसला पाहिजे", आणि उरलेले पैसे गावात पोचल्यावरच हातात द्या.