माथा नको, कडा गाठा

"मस्त व्ह्यू असलेला एखादा ट्रेक सांग ना" असं कुणी विचारलं की दहातले नऊ जण डोळे मिटून कळसूबाई सांगतात. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, शिड्या आहेत, वाट चुकायची भीती नाही, सगळं मान्य. वर गेलं की चारी बाजूंना दिसतंही भरपूर, अलंग-मदन-कुलंगची भिंत, भंडारदऱ्याचं पाणी वगैरे. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर सह्याद्रीत उंची आणि नजारा यांचा तसा फार संबंध नाहीये. जिथे जमीन अचानक संपते तिथे खरी मजा. त्यामुळे मी ट्रेक निवडताना शिखर किती उंच हे बघतच नाही, कडा कुठे आहे आणि तो कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे ते बघते.

आता हे असं का, तर सह्याद्री म्हणजे मुळात लाव्हाचे थरावर थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यातले टणक थर कातळाचे कडे म्हणून उभे राहिले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले, म्हणून आपल्याकडचा डोंगर लांबून बघितला तर कडा, उतार, परत कडा असा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. आणि पूर्वेकडून, म्हणजे घाटमाथ्यावरून, जमीन हळूहळू चढत येते आणि पश्चिमेला धाडकन कोकणात कोसळते. याचा ट्रेकरला फायदा काय, तर घाटमाथ्याकडून गेलात तर चढ कमी आणि खोली जास्त! कमी दमून मोठा नजारा. आळशी म्हणा हवं तर.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. खाली बेलपाड्यातून नळीच्या वाटेने वर येणारे लोक आहेत, ते काम येरागबाळ्याचं नाही. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांबलचक आहे पण सुंदर आहे. आणि पाचनईची वाट, जी मला सगळ्यात आवडते, ती कड्याच्या कुशीतून ओढ्याच्या काठाकाठाने आरामात वर मंदिरापाशी नेते. मंदिर बघायचं, केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभी असलेली ती पिंड बघायची आणि मग पश्चिमेकडे चालत सुटायचं. झाडी येते, मोकळं पठार येतं, कशाची काही कल्पना येत नाही आणि मग एकदम पुढे काहीच नसतं. कडा सरळही नाहीये, आतल्या बाजूला वाटीसारखा खोल वळलेला आहे, त्यामुळे उभं राहून त्याचा अंदाजच येत नाही. पोटावर झोपून, सरपटत, फक्त डोकं पुढे काढून बघायचं. उभं राहून वाकायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच, आणि सेल्फीसाठी तर अजिबात नाही, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

बहुतेक जण तिथे सूर्यास्ताला जातात. कडा पश्चिमेला आहे म्हटल्यावर सूर्यास्त दिसणारच, छानही दिसतो. पण मी म्हणेन सकाळी जा. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि खाली दरीत ढग साचलेले असले, तर तुमची सावली त्या ढगांवर पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसू शकतं, अर्धं नाही, पूर्ण गोल. यालाच इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये ते इथूनच पाहिल्याचं सांगतात. दिसेलच असं नाही. पाठीशी ऊन आणि खाली ढग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात, आणि ऑगस्टमध्ये ढग कड्याच्या वरपर्यंत आले की समोर नुसता पांढरा पडदा, स्वतःचा हात दिसला तरी खूप.

हाच दिशेचा हिशोब राजगडावर फार कामी येतो. सुवेळा माची पूर्वेला, संजीवनी पश्चिमेला, त्यामुळे गडावर मुक्काम केला तर सकाळ सुवेळ्यावर आणि संध्याकाळ संजीवनीवर, सोपं गणित आहे. संजीवनी साधारण अडीच किलोमीटर लांब, तीन टप्प्यांत उतरत गेलेली, दुहेरी तटबंदी आणि त्यामधली ती अरुंद वाट. तटावरून चालताना दोन्हीकडे दरी आणि समोर तोरणा. लोक बालेकिल्ल्यावर जाऊन फोटो काढून खाली उतरतात आणि संजीवनीच्या टोकापर्यंत जातच नाहीत, याचं मला कायम आश्चर्य वाटतं. पायांत दम असेल तर तिथूनच अळू दरवाजाने उतरून सोंडेवरून थेट तोरणा, बुधला माचीवर चढायचं. पूर्ण दिवस जातो, मधे पाण्याची बोंब आहे त्यामुळे पाणी घेऊन निघा, पण चालताना मागे वळलं की राजगड आणि पुढे बघितलं की तोरणा, अख्खा दिवस.

रतनगड थोडा वेगळा. रतनवाडीतून निघालं की बराच वेळ जंगलच, काहीच दिसत नाही, मग शिड्या, मग दरवाजे, आणि सगळ्यात वर नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. तिथे वारा इतका असतो की बोललेलं ऐकू येत नाही. एका बाजूला भंडारदऱ्याचा जलाशय, पलीकडे कळसूबाईची रांग, आणि मला वाटतं हा नजारा कळसूबाईवरून दिसणाऱ्या नजाऱ्यापेक्षा सरस आहे, कारण यात कळसूबाईच दिसते :)

नाणेघाटाबद्दल लोक फक्त उलटा धबधबा बघायला जायचं म्हणतात. पावसाळी वारा कोकणातून येऊन कड्यावर आपटतो आणि वर उसळताना पडणारं पाणीही घेऊन येतो, एवढंच ते आहे, बघायला धमाल येते पण गर्दी प्रचंड. जुन्नरकडून गाडीरस्ता आहेच, तरी एकदा वैशाखरेच्या बाजूने चढून जा. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी ज्या वाटेने आले तीच ही वाट, गुहेत सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, वर जकातीचा दगडी रांजण आहे. माथ्याच्या जरा खाली थांबून मागे बघितलं की घाटाच्या चिंचोळ्या चौकटीतून कोकण दिसतं.

आता कड्याचा माझा नियम मोडणारी एक जागा सांगायलाच हवी, साल्हेर. बागलाणात, कोकणापासून लांब, आणि चक्क उंचीसाठीच प्रसिद्ध, १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. १६७२ ची मोठी लढाई याच्या पायथ्याची. वर परशुरामाचं छोटंसं मंदिर आहे, तिथून शेजारचा सालोटा, मुल्हेर, हरगड, मांगी-तुंगीचे सुळके असे एकामागे एक निळे होत गेलेले डोंगर दिसतात. वाघांबेकडून गेलात तर साल्हेर-सालोटा खिंडीत पोचता, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि ओळीने दरवाजे, ही वाट मला साल्हेरवाडीपेक्षा जास्त आवडते. ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत जा, तेव्हा पावसाने हवा धुतलेली असते आणि लांबचं स्वच्छ दिसतं. एप्रिल-मे मध्ये धुरकट हवेत सालोट्याच्या पुढचं काही नीट दिसत नाही, वर सावलीही नाही.