कंपोस्टेबल रॅप: रोल लगेच मिळतो, कागद मिळत नाही

बचत गटाची हळद, तूरडाळ, पापड कुरिअरने पाठवताना वरचा रॅप कंपोस्टेबल, म्हणजे कंपोस्टमध्ये कुजणारा, घ्यायचं ठरलं. भाव, मायक्रॉन (जाडी), रुंदी सगळं फोनवर उरकलं. अडलं ते प्रमाणपत्रापाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

"पाठवतो ना ताई" म्हणत व्यापाऱ्याने आधी लॅबचा टेस्ट रिपोर्ट टाकला. तो प्रमाणपत्र नव्हे. मग प्रमाणपत्र आलं, तर त्यावरचं नाव वेगळ्याच कंपनीचं, रोलवरचं वेगळंच. नंतर हिरव्या पानाचं चित्र असलेलं माहितीपत्रक, 'मातीत आपोआप विरघळते' असं लिहिलेलं. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार कंपोस्टेबल माल विकण्याआधी उत्पादकाला किंवा विक्रेत्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि माल आयएस/आयएसओ 17088 या मानकात बसावा लागतो. म्हणून चार गोष्टी जुळवा: प्रमाणपत्रावरचं नाव, रोलच्या लेबलवरचं नाव, मालाचा प्रकार, मुदत. मंडळाच्या संकेतस्थळावर प्रमाणित उत्पादकांची यादी असते, तीत नाव शोधा. व्यापारी चिडतो. चिडू द्या.

कागद येईपर्यंत नमुना घरीच तपासा. फिल्मचा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून बुडबुडे झटका. तरंगला तर माल साधा पॉलिथिन, 'ऑक्सो' पावडर (प्लास्टिकचे लवकर तुकडे पाडणारी) घातलेला असला तरी. कंपोस्टेबल रॅप ज्यापासून बनतो ती पीबीएटी-पीएलए प्लास्टिकची फिल्म पाण्यापेक्षा जड, म्हणून ती बुडते. पण बुडाला म्हणजे खराच असंही नाही. चुन्याची भुकटी भरलेलं पॉलिथिनही बुडतं.

याच जडपणामुळे किलोचा भाव फसवतो. 50 मायक्रॉनमध्ये किलोमागे पॉलिथिन साधारण 21 ते 22 चौरस मीटर भरते, ही फिल्म 16च्या आसपास. भाव चौरस मीटरवर काढा.

हातसीलर (पिशवी उष्णतेने चिकटवायचं यंत्र) पॉलिथिनच्या उष्णतेच्या आकड्यावर ठेवलात तर शिवण जळून तुटते. आकडा उतरवून आधी कतरणावर बघा. रोल टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा, दोन्हींत फिल्म ठिसूळ होते. वर्षभराचा साठा तर करूच नका. ओलावाही हिच्यातून आत जातो, म्हणून पापड-हळदीची आतली पिशवी आहे तीच राहू द्या.

गिऱ्हाइकाला 'उकिरड्यात टाका' सांगू नका. मानकाची चाचणी 58 अंशांच्या आसपास, औद्योगिक कंपोस्टच्या उबेवर होते. घरच्या खड्ड्यात तेवढी ऊब टिकत नाही. दुधाच्या पिशव्यांच्या भंगारातही मिसळू नये, पुनर्वापराचा माल बिघडतो. आणि वरून साधी चिकटपट्टी लावली तर सगळंच फुकट, कागदी गमटेप लावा.

बिलावर 'कंपोस्टेबल', मायक्रॉन आणि बॅच क्रमांक लिहून घ्या. नुसतं 'प्लास्टिक रोल' लिहिलेलं बिल तपासणीला आलेल्या पथकापुढे चालत नाही.