टॅबलेट की लॅपटॉप : मी तास मोजले आणि मग बाजूला ठेवले

जुना लॅपटॉप अजून चालत होता, हीच खरी पंचाईत होती. बंद पडला असता तर घाईघाईने दुसरा आणून मोकळी झाले असते. पण विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. माझ्या यंत्रात दोन्ही नव्हतं. सुरक्षेचे अपडेट न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे नाहीत, लोकांच्या फायली ठेवायच्या नाहीत, एवढं माझं पक्कं होतं. म्हणजे यंत्र बदलायचं होतं, पण सवडीने. आणि सवड मिळाली की पर्याय सुचायला लागतात.

पर्याय भाचीने सुचवला. "मावशी, परत लॅपटॉपच कशाला? तू दिवसभर वाचतच तर असतेस. टॅबलेट घे, हलका पडेल." तेवढ्यावर न थांबता तिने स्वतःचा टॅबलेट, पेनसकट, काही आठवडे माझ्याकडे ठेवला. मग मी शक्य तितकी सगळी कामं त्यावर करून बघितली आणि कुठल्या कामाला किती वेळ जातो ते वहीत लिहीत गेले.

माझं काम मजकूर तपासण्याचं. लेखकांच्या वर्ड फायली येतात, छपाईआधीची प्रुफं पीडीएफमध्ये येतात. शिवाय एका छोट्या वाचनालयाचा जमाखर्च मी बघते, तो स्प्रेडशीटमध्ये असतो. बाकी सगळ्यांचं असतं तेच: मेल, बिलं, व्हिडिओ कॉल, रात्री एखादी मालिका.

वहीतल्या तासांनी भाचीला बरोबर ठरवलं. माझा पडद्यासमोरचा बहुतेक वेळ वाचण्यात आणि बघण्यात जात होता. आणि वाचायला टॅबलेट लॅपटॉपपेक्षा सरस आहे, यात वादच नाही. कारण साधं, भूमितीतलं आहे. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. त्याचा कर्ण भरतो १४.३ इंच, आणि पडदेही कर्णावरच मोजतात. ऐकायला वाटतं की १४ इंची लॅपटॉपवर तो जवळजवळ पुरा बसेल. पण लॅपटॉपचा पडदा आडवा. १६:९ प्रमाणाच्या १४ इंची पडद्याची उंची अवघी १७४ मिलिमीटर असते. खऱ्या आकारात पान उघडलं तर अर्ध्याहून थोडंच जास्त दिसतं, आणि त्यातलीही वरची पट्टी मेनू खातो. उलट ४:३ प्रमाणाचा ११ इंची टॅबलेट उभा धरला की अख्खं पान मूळ आकाराच्या साधारण पाऊणपट दिसतं. पान खाली-वर ढकलायचं नाही, तळटीप शोधायला उड्या मारायच्या नाहीत. प्रूफ तपासताना पान एका नजरेत दिसणं फार महत्त्वाचं असतं. परिच्छेदाची एकटी ओळ पुढच्या पानावर गेलीये का, दोन मथळ्यांमधली जागा सारखी आहे का, हे तुकड्यातुकड्याने बघून कळत नाही.

त्यात पेन. पडद्यावर तळहात टेकवून लिहिलं तरी तळहाताचे ओरखडे उमटत नाहीत, फक्त पेनाचं उमटतं. वेलांटी कापायची खूण, जोडाक्षराभोवती गोल, समासात "हे दोनदा आलंय", सगळं कागदावर करावं तसं. या एका कामापुरती मी टॅबलेटवर पूर्ण भाळले होते. (साध्या रबरी टोकाच्या पेनावर मात्र जाऊ नये. ते बोटासारखंच काम करतं. दाब ओळखत नाही आणि तळहातही वेगळा काढत नाही.)

अडचण सुरू झाली ती प्रूफ तपासून झाल्यावर. खुणा केलेली फाइल लेखकाला जायची असते, पण सोबत दुरुस्त्यांची यादीही जाते: पान, ओळ, मूळ, सुधारित. म्हणजे एकीकडे पीडीएफ आणि दुसरीकडे तक्ता उघडा ठेवायचा, मधूनच लेखकाच्या जुन्या मेलमध्ये डोकवायचं, मग फाइलला नाव द्यायचं, दोन्ही एकत्र बांधून पाठवायच्या. यातली एकही गोष्ट टॅबलेटला येत नाही असं नाही. प्रत्येक गोष्ट येते, वेगवेगळी करायला घेतली तर छानच येते. वेळ जातो तो एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत शिरताना. पडदा दोघांत वाटला की दोन्ही अरुंद होतात. तिसरं ॲप उघडलं की आधीच्यापैकी एक मागे जातं, आणि मागे गेलेलं ॲप सिस्टिम थोड्या वेळाने झोपवते. बॅटरी दिवसभर पुरते त्यामागे हेच एक कारण आहे. पण एक मोठी फाइल चढत असताना मी मेल बघायला गेले आणि परत आले तर फाइल होती तिथेच अडकलेली. लॅपटॉपवर अशी वेळ माझ्यावर येत नाही.

स्प्रेडशीटची तर निराळीच कथा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बोटाने दाबायची जागा किमान ९ मिलिमीटरची असावी. एक्सेलच्या ओळीची नेहमीची उंची १५ पॉइंट, म्हणजे पाच मिलिमीटरच्या आसपास. बोटाला लागते त्याच्या निम्म्याहून जराशीच जास्त. मग चिमटीने मोठं करा, टिचकी मारा, पुन्हा लहान करून बेरीज कुठे आहे ते शोधा. वाचनालयाच्या तक्त्यात कुणीतरी पूर्वी घालून ठेवलेला मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम आहे, वर्गणी थकलेल्यांची यादी काढणारा. तो टॅबलेटवर चालतच नाही. एक्सेलच्या मोबाइल ॲपला व्हीबीए या भाषेत लिहिलेले असे मॅक्रो चालवता येत नाहीत, मग टॅबलेट कितीही महागाचा असो. आणखी एक बारीक अक्षरातली गोष्ट: या ॲपमध्ये १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर साधं संपादन फुकट करता येतं. पडदा त्याहून मोठा असला तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरावी लागते. म्हणजे कामासाठी म्हणून मुद्दाम मोठा टॅबलेट घ्यावा, तर खर्च तिथेच थांबत नाही.

टायपिंगबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याला मराठीत लिहायचं असतं आणि तुलना करणारे बहुतेक जण इंग्रजीत टाइप करून मोकळे होतात. मी इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्ड-मांडणी वापरते. डाव्या हाताशी स्वर, उजव्या हाताशी बहुतेक व्यंजनं, हलन्त डाव्या मधल्या बोटाखाली. एकदा हात बसला की डोळे मजकुरावरून हलत नाहीत. पडद्यावरच्या कीबोर्डवर हात बसत नाही, कारण बोटाखाली कळ लागतच नाही. आणि टॅबलेट आडवा धरला की तो कीबोर्ड जवळजवळ अर्धा पडदा व्यापतो. ब्लूटूथ कीबोर्ड जोडता येतो, मी जोडलाही. पण पडद्यावरच्या कीबोर्डला मराठी येतं म्हणून बाहेरून जोडलेल्यालाही आपली मांडणी मिळेल असं गृहीत धरू नये. स्वतः टाइप करून बघावं. मी "दुसऱ्या", "ऱ्हास", "ॲप", "ज्ञान" एवढे चार शब्द लिहून बघते. चारही नीट उमटले, तर पुढचं बोलायचं.

दुरुस्ती करताना बोट आणखी अडतं. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायची तर कर्सर नेमका त्या अक्षरापुढे लागला पाहिजे. मग बॅकस्पेसने फक्त वेलांटी जाते, अक्षर राहतं. बोटाने कर्सर एक अक्षर अलीकडे किंवा पलीकडे पडतो, आणि पानभर दुरुस्त्यांत हे अलीकडे-पलीकडे चांगलंच जाणवतं. त्यात युनिकोड (अक्षरं साठवायची आताची सर्वमान्य पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमधल्या फायली अजूनही येतात. तो फॉन्ट बसवलेला नसेल तर अख्खं प्रकरण रोमन अक्षरं आणि चिन्हांच्या राशीसारखं दिसतं. लॅपटॉपवर फॉन्ट टाकून मिनिटात सुटणारा प्रश्न टॅबलेटवर सुटेलच याची खात्री नाही.

हलकेपणाचंही एकदा खरं काय ते बघून घ्यावं. नुसता १०-११ इंची टॅबलेट साधारण अर्धा किलो. त्याला ट्रॅकपॅडवाला, मांडीवरही न डगमगणारा कीबोर्ड लावला की त्याचं वजन जवळपास टॅबलेटइतकंच भरतं. दोन्ही मिळून किलोभर. हलके लॅपटॉप सव्वा किलोच्या आसपास मिळतात. पाव किलोसाठी एवढी यातायात? आणि किंमत जोडताना कीबोर्ड, पेन, कव्हर सगळं धरावं. जाहिरातीत दिसतो तो नुसता टॅबलेट.

तरीही माझ्या वहीत तास टॅबलेटच्या बाजूनेच पडलेले होते, आणि ते तास खोटे नव्हते. मग मी त्याच नोंदी वेगळ्या नजरेने वाचल्या. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहिला: हे आज झालं नाही तर कुणाचं अडेल? वाचन लांबलं तर कुणाचं काही अडत नाही. मालिकेचं तर नाहीच. दुरुस्त्यांची यादी लांबली तर छपाई थांबते. थकबाकीची यादी लांबली तर वाचनालयाची बैठक पुढे जाते. दुसऱ्यांचं अडवणारी कामं एकूण वेळाच्या मानाने थोडी होती, पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक काम टॅबलेटवर कुठे ना कुठे रुतलेलं होतं. लॅपटॉपवर वाचणं गैरसोयीचं आहे, पण होतं. मॅक्रो टॅबलेटवर गैरसोयीचा नाही, तो होतच नाही. गैरसोय सोसता येते. न होणाऱ्या कामासाठी दुसऱ्याचं यंत्र मागायला जावं लागतं.

भाचीने बाजू सोडली नाही. टॅबलेट आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे तिचं म्हणणं खरंच आहे. पहिला आयपॅड २०१० चा. त्याला माउस-ट्रॅकपॅडचा पुरता आधार मिळायला २०२० उजाडलं, आणि हव्या त्या आकाराच्या, एकावर एक ठेवता येणाऱ्या खिडक्या तर २०२५ च्या आयपॅडओएस २६ या आयपॅडच्या सिस्टिममध्ये सगळीकडे आल्या. सॅमसंगचं डेक्स २०१७ पासून अँड्रॉइडला संगणकाचं रूप देतंय. पण या सगळ्याची दिशा बघा ना: टॅबलेट वर्षानुवर्षं लॅपटॉपकडेच सरकतोय. मला जे हवं आहे ते लॅपटॉपमध्ये आधीपासून आहे, मग मी वाट कशाला बघू?

लॅपटॉपच घ्यायचा ठरल्यावर बाकीचं भराभर झालं. पडदा मुद्दाम १६:१० चा बघितला. १४ इंचांतच त्याची उंची १८८ मिलिमीटर होते, म्हणजे १६:९ पेक्षा १४ मिलिमीटर जास्त. तेवढ्यात मजकुराच्या दोन-तीन ओळी जास्त दिसतात. रॅम १६ जीबी घेतली, कारण पातळ यंत्रांत ती बहुधा मदरबोर्डवरच जडवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. एआरएम प्रोसेसरचे (मोबाइलमध्ये असतात त्या धाटणीचे) विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम, मोहही झाला. पण माझा जुना स्कॅनर आहे, आणि एआरएमवर नेहमीची सॉफ्टवेअर रूपांतर करून चालवता आली तरी ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच प्रोसेसरसाठी बनवलेला लागतो. माझ्या स्कॅनरसाठी तसा ड्रायव्हर कंपनीने काढलेलाच नव्हता, तेव्हा तो पर्याय बाद. यूएसबी-सी पोर्टही नीट विचारून घेतला. दिसायला सगळे सारखेच, पण एखादा ४८० मेगाबिटवरच अडतो, एखादा १० गिगाबिटपर्यंत जातो, आणि बाहेरचा मॉनिटर प्रत्येकावर चालतोच असं नाही.

प्रुफांचं आता मी असं करते: ट्रॅकपॅडने पीडीएफ नव्वद अंशांत फिरवते आणि लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरून पान नजरेखालून घालते. बघणाऱ्याला हसू येतं, पण एकट्या ओळी सापडतात. पेन नाही याची चुटपुट मात्र आहेच.

माझं बघून दादानेही लॅपटॉप घ्यायचं मनावर घेतलं होतं. त्याला मीच अडवलं. तो वाचतो, नातवंडांशी व्हिडिओवर बोलतो, बिलं भरतो, जुने फोटो बघतो. त्याच्या यंत्रावाचून कुणाचंही काम अडत नाही. त्याला टॅबलेटच योग्य. फक्त दोन गोष्टी तपासायला सांगितल्या: अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीने जाहीर केलंय का, आणि ६४ जीबी लिहिलेल्या टॅबलेटमध्ये सिस्टिमने आधीच किती जागा अडवलीये. तिसरी गोष्ट दादाने आपणहून विचारली. कव्हर उघडून टॅबलेट टेबलावर उभा केला, पडद्यावर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "हा दर टिचकीला मागे झुकतो. दुसरं कव्हर दाखवा."