किंकाळ्यांची वही

आमच्या चित्रपट मंडळाचा वार्षिक मेळावा सुरू व्हायचा तो मागच्या वर्षीच्या इतिवृत्ताने. सचिव उभे राहायचे, चष्मा पुसायचे आणि ताळेबंद वाचावा तशा सपाट आवाजात वाचायचे, ‘किंकाळ्या १९. पैकी खऱ्या ११. हशा ७ वेळा. सभागृह सोडून गेलेले ३, पैकी २ परत आले.’ मग कुणी सूचक, कुणी अनुमोदक, इतिवृत्त कायम, आणि दिवे बंद.

मेळावा वर्षातून एकदा आणि दाखवायचा तो फक्त सुरीपटाचा दुसरा भाग. सुरीपट, म्हणजे मुखवटा घातलेला खुनी सुरी घेऊन एकेकाला मारत सुटतो तो चित्रपट; शब्द मंडळाचाच. ‘स्लॅशर’ म्हटलं की निम्म्या सभासदांना अर्थ सांगत बसावं लागे, सुरी म्हटली की काम भागे. पहिला भाग ज्याने त्याने आपापला पाहून यायचं. हा नियम घालणाऱ्या सरांचं म्हणणं असं, की पहिल्या भागाला माणूस बेसावध असतो, तेव्हा तो ओरडला तर त्यात नवल काय? दुसऱ्या भागाला तो सगळं ठाऊक असून येतो. मुखवटा ओळखीचा, संगीत ओळखीचं, दाराआड कोण उभा आहे तेही माहीत. तरी ओरडतो का, आणि किती वेळा, ते मोजा. म्हणून ती वही. शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ लावून अंधारात पेन्सिलीने रेघा मारायच्या. सलग काही वर्षं ते काम माझ्याकडे होतं. अंधारात रेघा एकमेकींवर चढायच्या, त्यामुळे आकड्यांत दोन-चारचा फरक धरून चाला.

माझ्या पहिल्या वर्षी ‘हॅलोवीन २’ होता, १९८१ चा. १९७८ चा मूळ चित्रपट जिथे संपतो, तिथूनच, त्याच रात्री हा सुरू होतो. खुन्याच्या हातून वाचलेल्या जखमी लॉरीला हॅडनफील्ड गावातल्या इस्पितळात नेतात आणि तो मुखवटेवाला खुनी, मायकेल मायर्स, मागोमाग येतो. रात्र तीच म्हटल्यावर केसही तेच हवेत, पण मधल्या काळात लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिसने ते बारीक कापलेले, म्हणून या भागात तिला विग आहे. ही माहिती आमच्यातल्या एका बाईंनी दिवे जायच्या आधीच सगळ्यांना पुरवली, आणि मग काय विचारता! लॉरी भिंत धरत, पाय ओढत निघाली आहे, मागून तो पांढराफटक चेहरा संथपणे येतो आहे, आणि रांगेत कुजबुज, ‘सरकला का गं विग?’ हशाचा रकाना पहिल्या अर्ध्या तासात भरला.

मूळ चित्रपटात रक्त जवळजवळ दिसतच नाही. दुसऱ्यात ते आहे, आणि मुद्दाम घातलेलं आहे. रिक रोझेन्थलने दिग्दर्शित केलेला चित्रपट पुरेसा भीतिदायक वाटेना, म्हणून मूळ चित्रपटाचा दिग्दर्शक जॉन कार्पेंटर याने जास्तीची रक्तरंजित दृश्यं चित्रित करून त्यात घातली. आमच्या सभागृहाने मात्र निकाल उलटा दिला. उकळत्या पाण्याच्या टाकीत नर्सचं तोंड बुडवतात त्या दृश्याला नुसतं ‘शी!’ मिळालं. त्यासाठी मला वेगळा रकाना आखावा लागला. किंकाळ्या निघाल्या त्या इस्पितळाच्या रिकाम्या कॉरिडॉरला.

‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या दुसऱ्या भागाची गंमत वेगळी. सगळे त्यातल्या खुन्याच्या, म्हणजे जेसनच्या, हॉकीच्या मुखवट्याची वाट पाहत बसलेले आणि हा डोक्यावर एका डोळ्याला भोक पाडलेली पिशवी घालून फिरतोय! तो मुखवटा तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये आला, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. शेवटपर्यंत एक काका ‘आता बदलेल, आता बदलेल’ म्हणत होते.

एकदा कार्यकारिणीच्या गोंधळात दुसऱ्याऐवजी तिसरा भाग लागला. ‘हॅलोवीन ३’, १९८२. हा वादग्रस्त, कारण त्यात मायकेल मायर्सच नाही. दर वेळी नवी गोष्ट सांगायची अशी निर्मात्यांची कल्पना होती, आणि इथली गोष्ट मुखवटे बनवणाऱ्या एका कारखान्याची. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी तेव्हा नाकं मुरडली. इतकी, की १९८८ च्या चौथ्या भागाचं नावच ‘मायकेल मायर्सचं पुनरागमन’ अशा अर्थाचं ठेवावं लागलं. पुढे याच तिसऱ्या भागाला त्याचा चाहतावर्ग मिळाला, आणि मीही त्यातलाच. पण त्या रात्री तसं म्हणायची माझी छाती नव्हती. लोक चुळबुळत होते. मग एका दृश्यात टीव्हीवर मूळ ‘हॅलोवीन’ची जाहिरात लागते, आणि सभागृहाने काय करावं? टाळ्या! शिट्ट्या! आपला माणूस दिसला एकदाचा.

पण वहीतली सगळ्यात विचित्र पानं ‘स्क्रीम २’ची. पहिला ‘स्क्रीम’ डिसेंबर १९९६ मध्ये आला तेव्हा सुरुवात थंड होती, पहिल्या शनिवार-रविवारी जेमतेम साठ-पासष्ट लाख डॉलर. मग एकाने दुसऱ्याला सांगत सांगत तो अमेरिकेत दहा कोटींवर गेला. वर्ष पुरं व्हायच्या आतच, १२ डिसेंबर १९९७ ला दुसरा आला आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याने तीन कोटींच्या वर मजल मारली. शेवटी पोचला कुठे? पहिल्याच्याच आसपास, दहा कोटींच्या थोडा वर. माझ्या मते पहिल्याला लोक ऐकून आले आणि दुसऱ्याला कुणी खुनी सांगून टाकायच्या आत पाहून घ्यावा म्हणून धावले. भीती अगदीच अनाठायी नव्हती. पटकथा आधीच इंटरनेटवर फुटली होती, आणि मग ती बदलावीही लागली. आमच्या अध्यक्षांनीही दिवे जायच्या आधी ताकीद दिली, की खुन्याचं नाव उच्चारणाऱ्याचं सभासदत्व वर्षभर स्थगित. एवढं बोलून ‘खिडक्यांचे पडदे नीट आहेत का बघतो’ म्हणत ते बाहेर गेले.

चित्रपट सुरूच होतो चित्रपटगृहात. पहिल्या भागातल्या खुनांवर काढलेल्या ‘स्टॅब’ नावाच्या चित्रपटाचा खेळ आहे आणि प्रेक्षकांना भुताचे मुखवटे फुकट वाटलेत. सगळे काळे झगे घालून, खोट्या सुऱ्या नाचवत आरडाओरडा करताहेत. प्रेक्षकांतल्या मॉरीन नावाच्या मुलीच्या शेजारच्या खुर्चीत तिच्या मित्राचं जाकीट घातलेला कुणी तरी येऊन बसतो. ती त्याला बिलगते. हाताला काही ओलं लागतं. बोटं बघते तर रक्त.

नेमक्या त्याच वेळी आमच्या सभागृहाचं दार किलकिलं झालं आणि तसाच पांढरा मुखवटा घातलेलं कुणी तरी आत येऊन तिसऱ्या रांगेच्या कडेला बसलं. शेजारच्या दोघी फिस्सकन हसल्या. मी हशाची रेघ मारली. बेत उघड होता, योग्य क्षणी उठून बोबडी वळवायची.

पडद्यावर मॉरीन सुरीचे घाव झेलत, धडपडत पुढे जाते आणि थेट ‘स्टॅब’च्या पडद्यासमोर उभी राहते. मुखवटेवाले टाळ्या पिटताहेत, त्यांना हा जाहिरातीचा भाग वाटतोय. मग ती ओरडते. ती किंकाळी ऐकताना त्यांचा गोंगाट हळूहळू विरत जातो. उठायचं तर हीच वेळ होती. आमचा मुखवटा काही उठला नाही. मी पाहिलं, तिसऱ्या रांगेत एक हात वर गेला, पांढरं काही तरी खाली आलं आणि खुर्चीखाली सरकवलं गेलं.

पुढे वर्गातलं दृश्य येतं. चित्रपट शिकणारी मुलं भांडताहेत की दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस असू शकतो का. झालं, आमचं मंडळ त्या वर्गातच जाऊन बसलं. ‘गॉडफादर!’ ‘टर्मिनेटर!’ पडद्यावरच्यांना आमची मतं ऐकू जात असल्यासारखे सगळे बोलत होते, निम्मे संवाद बुडाले. दुसऱ्या भागात मुडदे जास्त आणि मृत्यू जास्त सजवलेले, हा नियम सांगणारा रँडी मात्र भर दिवसा, माणसांनी भरलेल्या आवारातल्या गाडीत मारला जातो. तेव्हा कुणी किंचाळलं नाही. ‘अरे!’ एवढंच आलं, दुखावल्यासारखं.

आणि मग ती अपघातग्रस्त पोलीस गाडी. मागच्या सीटवर नायिका सिडनी आणि तिची मैत्रीण, दारं उघडत नाहीत, पुढे चालकाच्या जागी बेशुद्ध खुनी. बाहेर पडायचं तर त्याच्या अंगावरून सरकत, त्याच्या बाजूच्या खिडकीतून. सिडनी एक पाय पलीकडे टाकते. मुखवटा तिच्या तोंडाशी. संगीताचा आधार नाहीच म्हटलं तरी चालेल. सभागृहात खुर्चीही करकरली नाही. मी पेन्सिल टेकवून बसलो होतो, आणि किंकाळी, हशा, ‘शी’ यांपैकी कुठल्याच रकान्यात रेघ मारता येईना. घरी जाऊन पाहिलं तर त्या जागी कागदाला पेन्सिलीचं टोक रुतून भोक पडलं होतं.

दिवे लागले तेव्हा अध्यक्ष तिसऱ्या रांगेच्या कडेला बसलेले, केस पिंजारलेले. कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या मेळाव्यात सचिवांनी चष्मा पुसला आणि वाचलं. किंकाळ्या इतक्या, हशा इतके. ‘तिसऱ्या रांगेत खुर्चीखाली एक मुखवटा सापडला. मालकाने ओळख पटवून घेऊन जावा.’ मान वर केली नाही. सूचक झाले. अनुमोदन कोण देणार म्हणून शांतता पसरली, तेवढ्यात अध्यक्षांनीच घाईघाईने हात वर केला. नियमात बसत नव्हतं तरी. दिवे अजून जायचे होते, पण मी वही उघडली आणि हशाच्या रकान्यात पहिली रेघ मारली.