खजिनदारबाई आणि आमचं हळदीकुंकू

मार्चमध्ये सासूबाईंना घेऊन शेजारणीच्या चर्चमध्ये गेले, ते निव्वळ तिच्या आग्रहाखातर. (कोल्हापूरच्या नणंदेने फोनवर लगेच विचारलं, "आता नावंबिवं बदलणार की काय?" नाही गं बाई. प्रार्थना चालू होती तोवर आम्ही गप्प उभ्या राहिलो, मग केक खाल्ला आणि घरी आलो.)

निमित्त होतं मदरिंग संडेचं. हा इथला, म्हणजे इंग्लंडमधला, आईचा दिवस मे महिन्यात येत नाही, ईस्टरच्या आधीच्या उपासकाळातल्या चौथ्या रविवारी येतो. प्रार्थना संपत आली की लहान मुलं टोपल्या घेऊन बाकांमधून फिरतात आणि बायकांना फुलं देतात. डॅफोडिलची दोन-तीन फुलं, देठांना चांदीचा कागद, वरून लोकरीचा धागा. आदल्या दिवशी त्या जुड्या बांधायला मीही बसले होते. किती बांधायच्या, हे विचारल्यावर शेजारीण म्हणाली, "जेवढ्या बायका येतील तेवढ्या." आई असलेल्या, नसलेल्या, लग्न न झालेल्या, सगळ्या त्यात आल्या.

सासूबाईंसमोर एक पाच-सहा वर्षांचा पोरगा येऊन उभा राहिला. त्यांनी अंग आखडून घेतलं आणि माझ्याकडे बोट करून चक्क मराठीत म्हणाल्या, "मला कशाला? हिला दे." सासरे गेल्यापासून समोर वाण आलं की त्यांचं हे असंच असतं. पोराला त्यातलं काहीच कळलं नाही. त्याने जुडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पुढच्या बाकाकडे पळाला.

ही सगळी उठाठेव करणाऱ्या बायका मदर्स युनियनच्या. ख्रिस्ती विवाहाला आणि कुटुंबाला आधार द्यायचा, हे संस्थेचं ब्रीद. उगम आमच्या हॅम्पशायरमधलाच. वॉटरक्रेस लाइनच्या वाफेच्या गाडीत पोरांना बसवायला आपली मंडळी ज्या ऑल्सफर्डला जातात ना, त्याला लागूनच ओल्ड ऑल्सफर्ड आहे. तिथल्या धर्मगुरूंची बायको मेरी सम्नर हिने 1876 मध्ये गावातल्या सगळ्या थरांतल्या आयांना घरी बोलावलं, आणि ऐन वेळी तिची अशी गाळण उडाली की तोंडातून शब्द फुटेना. पुढच्या आठवड्यात या, असं सांगून तिने सगळ्यांना परत पाठवलं. आज या संस्थेच्या सभासदांची संख्या जगभर 40 लाखांच्या घरात आहे. लग्न-बाप्तिस्म्याची कार्डं आणि तान्ह्या बाळांच्या आयांसाठी चहा, इथपासून ते ओढगस्तीतल्या कुटुंबांना चार दिवस सुट्टीला पाठवणं आणि तुरुंगातल्या बापाला भेटायला आलेल्या मुलांकडे बघणं, इथपर्यंत त्यांची कामं चालतात. आणि सगळं वेळापत्रकाने! दूध कुणी आणायचं, कप कुणी विसळायचे, याचा तक्ता हॉलच्या दारावर लावलेला असतो. मी आपला डबाभर चिवडा नेला, तर "पण खाऊची पाळी आज तुझी नाहीये" म्हणे. अहो, चिवड्याला कसली आलीये पाळी? डबा रिकामा झाला, ते सोडा.

मला चक्रावून टाकलं ते पुढच्या गोष्टीने. आमची शेजारीण या शाखेची खजिनदार, आणि ती घटस्फोटित आहे. चहा ओतता ओतता सहज म्हणाली, "माझ्या आईच्या वेळी मला इथे घेतलंच नसतं." लग्न पवित्र, ते मोडायचं नाही, म्हणून घटस्फोट झालेल्या बाईला सभासदत्व नाही, असा लेखी नियमच होता. मग त्यात नवऱ्याने टाकलेली का असेना. न्यूझीलंडमधल्या बऱ्याच बायका याच मुद्द्यावरून 1969 मध्ये बाहेर पडल्या आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. इंग्लंडमध्ये वाद घालून, समित्या बसवून शेवटी 1970 च्या दशकात तो नियम बदलला.

ऐकून आधी मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू! स्त्रियांना कसं वागवावं यावर इथे आपल्याला फार प्रवचनं ऐकावी लागतात, आणि यांचं स्वतःचं खातं तर असं. आपल्याकडे निदान कुणी असा नियम छापला नव्हता.

आणि नेमका तिथेच माझा संताप सुरू झाला, तो अजून उतरलेला नाही. त्यांचा नियम छापलेला होता म्हणून तो कुठे आहे ते दाखवता आलं, त्याच्यावर भांडता आलं, मतं घेऊन तो खोडता आला. आपल्या हळदीकुंकवाचा नियम कुठल्या कागदावर आहे? कराडला आमच्या घरी माझी थोरली काकू हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधत बसायची. तिला कुणी "बाहेर येऊ नकोस" म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. तिची तीच यायची नाही. भांडायचं कुणाशी? म्हणून तर हेरवाडच्या ग्रामसभेचं मला फार कौतुक आहे. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद, असा रीतसर ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. हे मी शेजारणीला अगदी ठसक्यात ऐकवलं. आम्हीही कागदावर आणतो म्हटलं.

इथल्या आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू मात्र अजून तसंच आहे. निमंत्रणात "सर्व भगिनींना" असं लिहितात, आणि हॉलच्या दाराशी कुंकवाचं बोट कुणापुढे थांबायचं ते आपोआप थांबतं. मी ग्रुपवर सुचवलं की "विधवा, घटस्फोटित, सगळ्यांना वाण आणि कुंकू" असं स्पष्ट लिहू या. उत्तर आलं, "ताई, आपण कधी कुणाला अडवलंय का? लिहिलं तर उगाच त्यांनाच वाईट वाटेल." खाली सात-आठ अंगठे. विषय मी कार्यकारिणीकडे लेखी दिलाय. पुढच्या बैठकीत तो चौथ्या क्रमांकावर आहे, हॉलच्या पार्किंगनंतर.